ओटीचे अबोल दुखणे

मराठी मनाला ‘ओटी’ या शब्दाचे मोठे अप्रूप आहे. लेक माहेराहून सासरी निघाली की तिची ओटी भरतात. सुनेला सातवा महिना लागला की नारळ, तांदूळ आणि खण घेऊन शेजारणी जमतात. आपल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांनीही ही रीत आपापल्या पद्धतीने जपलेली आहे. परंतु बाळंतपण पार पडले, बारसे झाले, बाळ रांगू लागले, की ज्या ओटीपोटाने नऊ महिने तो भार वाहिला त्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. सोसणारीही सांगत नाही. अशा तऱ्हेने एक दुखणे घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या अबोल राहिले आहे.

धायरी परिसरातील कुटुंबांना भेटी देताना आम्हांला ही गोष्ट प्रकर्षाने जाणवली. २०१७ साली पुणे महानगरपालिकेत जी अकरा गावे समाविष्ट झाली, त्यांत सिंहगडाच्या वाटेवरील धायरीचा समावेश होता. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी आलेली माणसे येथे दोन खोल्यांचा संसार थाटून राहतात. कोणी लहानशा वर्कशॉपमध्ये दिवसभर उभे असते, कोणी मोठ्या सोसायट्यांत धुणीभांडी करते. खडकवासल्याचे धरण हाकेच्या अंतरावर असूनही येथे टँकरची वाट पाहावी लागते आणि भरलेली कळशी किंवा वीस लिटरचा कॅन जिन्याने वर चढवण्याचे काम बहुधा बाईच्याच वाट्याला येते. अशा घरांतून बसून बोलताना काही वाक्ये पुन्हा पुन्हा कानी पडतात. स्वारगेटला जायचे असेल तर सकाळपासून पाणीच पीत नाही, असे कोणी म्हणते. खोकला आला की उठून जावे लागते, म्हणून लग्नाकार्याला जाणे सोडले, असे कोणी आडून सांगते. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेले आजोबा मिस्साच्या वेळी शेवटच्या बाकावर, दाराजवळच बसतात. शाळेची सहल निघाली की दहा वर्षांच्या मुलाचे पोट दुखू लागते, कारण रात्री अंथरूण ओले होण्याचे भय त्याला असते. सांगणारे निरनिराळे, वये निरनिराळी. पण शेवटी एकच पालुपद ऐकू येते : ‘वय झाले की असे व्हायचेच, फादर,’ नाहीतर ‘बाईच्या जातीला हे असायचेच.’

हे पालुपद खरे नाही, एवढेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्या कमरेच्या खाली हाडांचे एक कडे आहे. पुढे जांघांच्या मधले हाड, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंना बसण्याची हाडे. या कड्याच्या तळाशी स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. बाळाला झोळीत निजवावे तसे मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय या झोळीवर विसावलेले असतात. लघवी व शौच योग्य वेळेपर्यंत रोखणे आणि योग्य वेळी मोकळे सोडणे, आतील अवयवांना आधार देणे, श्वासाला व पाठीच्या कण्याला साथ देणे, ही तिची कामे. वैवाहिक जीवनातील सुखदुःखाशीही तिचा संबंध आहे. ही झोळी स्त्रीला असते तशीच पुरुषालाही असते, आणि लहान मुलालाही.

प्रत्येक वयात तिच्यावर निराळा ताण येतो. शाळेतले स्वच्छतागृह घाण म्हणून मुलगी सहा सहा तास लघवी दाबून धरते. मुलाला मलावरोधाची सवय जडते आणि फुगलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर पडतो. गरोदरपणात भार वाढतो. प्रसूतीच्या वेळी हे स्नायू विलक्षण ताणले जातात, प्रसंगी फाटतातही. सिझेरियन झाले म्हणजे या झोळीला काहीच झाले नाही, असेही समजू नये. नऊ महिन्यांचा भार तिने वाहिलेलाच असतो. पुढे जड ओझी, जुनाट खोकला, शौचाला कुंथणे यांनी ती सैल होत जाते. पाळी थांबल्यावर शरीरातील स्रावांमध्ये बदल होऊन तेथील ऊती पातळ होतात. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर काही काळ लघवीवरचा ताबा जातो. मग खोकताना, हसताना थेंब निसटणे. लघवीची घाई होऊन मोरी गाठेपर्यंत धीर न निघणे. ‘अंग बाहेर येणे’ म्हणून आपल्या बायका ज्याला कुजबुजत नाव देतात ते होणे, अशी दुखणी मागे लागतात. याच्या नेमके उलटही घडते. काहींचे हे स्नायू सैल नसून आखडलेले असतात. त्यांना बसताना, शौचाला जाताना किंवा पतिपत्नींच्या संबंधांत वेदना होतात. अशांना आवळण्याचे नव्हे, तर सैल सोडण्याचे शिक्षण द्यावे लागते.

या स्नायूंना शिकवता येते, ही गोष्ट नवी नाही. हठयोगातील मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांत याच भागाचे आकुंचन सांगितले आहे. तेथील हेतू निराळा, पण स्नायू तेच. आधुनिक वैद्यकात १९४८ साली आर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी प्रसूतीनंतर सैलावलेल्या स्नायूंसाठी पद्धतशीर व्यायामाची मांडणी केली, म्हणून आजही हे व्यायाम त्यांच्या नावाने ओळखले जातात. आपल्याकडे पन्नासच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण सुरू झाले. पोलिओने लुळे झालेले पाय आणि मोडलेली हाडे यांपुरतीच ही विद्या आहे, अशी सामान्य समजूत मात्र अजून कायम आहे. मोडलेला गुडघा घेऊन आपण निःसंकोच जातो. ओटीपोटाच्या स्नायूंसाठी त्याच विद्येची एक शाखा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

तेथे नेमके काय करतात, हे ठाऊक नसल्यामुळेही माणसे बिचकतात. प्रथम सविस्तर विचारपूस होते : दिवसातून किती वेळा जाता, पाणी किती पिता, बाळंतपणे किती, काम कोणते. दोन-तीन दिवस लघवीच्या वेळा वहीत टिपून आणायला सांगतात. तपासणी बंद दाराआड, रुग्णाची संमती घेऊन होते. स्त्रीने स्त्री तज्ज्ञ मागावी, सोबत बहिणीला किंवा सासूबाईंना न्यावे आणि नको वाटेल तेथे ‘नको’ म्हणावे, हा तिचा हक्क आहे. नेमका कोणता स्नायू आवळायचा ते समजावून देतात. काही ठिकाणी यंत्राच्या पडद्यावर ते आकुंचन डोळ्यांनी पाहता येते. वारा सरू लागला असता तो रोखावा तसा आतला भाग वर ओढून घ्यायचा; पोट, मांड्या व नितंब ताठ करायचे नाहीत आणि श्वासही कोंडायचा नाही. काही क्षण धरून तितकाच वेळ सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा सराव करू नये. शिंक येणार असे वाटताच आधी आवळून घ्यावे. कळशी उचलताना श्वास बाहेर सोडावा. शौचाला कुंथू नये. कमोडवर बसणाऱ्या मुलाच्या पायांखाली पाट द्यावा. घाईचे दुखणे असणाऱ्यांना दोन खेपांमधले अंतर थोडे थोडे वाढवायला शिकवतात.

इतक्या साध्या गोष्टींनी काय साधते, असे कोणी विचारील. २०१८ साली या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. खोकल्या-शिंकेने लघवी निसटणाऱ्या ज्या स्त्रियांनी हे व्यायाम केले, त्यांपैकी शंभरात सुमारे ५६ जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. ज्यांनी केले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ६ एवढेच होते. अंग थोडे खाली आले असेल तर त्याचा त्रासही व्यायामाने कमी होतो. फारच खाली आले असेल तर डॉक्टर आत बसवायची रिंग देतात किंवा शस्त्रक्रिया सुचवतात. त्या शस्त्रक्रियेतही गर्भाशय काढलेच पाहिजे असे नाही. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नावारूपास आलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशय जागच्या जागी राखून त्याला पट्टीचा आधार देण्याची शस्त्रक्रिया गेल्या शतकातच करून दाखवली होती.

असे असूनही आपल्या महाराष्ट्रात काय घडले? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगाचा एक ना एक विकार होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८. पुढे तीस वर्षांनी, २०१९ साली, बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. शासनाच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दुखण्यामुळे खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, आणि पिशवी ठेवली तर कर्करोग होईल ही भीती. मग ‘पिशवीच काढून टाका’ हा एकच मार्ग उरतो. त्या साऱ्याच दुखण्यांवर व्यायाम हा उपाय होता, असे आम्ही म्हणत नाही. कित्येकींना जंतुसंसर्गावरील साधी औषधे हवी होती, कित्येकींना विश्रांती. परंतु आधीच्या पायऱ्या कोणी दाखवल्याच नाहीत म्हणून शेवटची पायरी पहिली ठरली, हे दुःख लहान नाही.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची शुभवर्तमानातील कथा आपण सारे जाणतो. तिने वैद्यांपायी आपले सर्वस्व खर्चिले होते आणि गर्दीत मागून, चोरून प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला होता. तिला बरे वाटले, तरी प्रभूने तिला तशीच मुकाट जाऊ दिले नाही. सर्वांसमक्ष तिला बोलू दिले आणि कन्या म्हणून संबोधले. शरीर बरे झाले होतेच. तिच्या दुखण्याला चिकटलेली लाज काढायची उरली होती.

ती लाज आजही काढायची आहे, आणि हे काम घरातूनच सुरू व्हायला हवे. लघवीतून रक्त जात असेल, ताप किंवा जळजळ असेल, लघवी अडकली असेल, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले असेल, तर प्रथम डॉक्टरांकडेच जावे. एरवी ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयांतून फिजिओथेरपीचा विभाग असतो. धायरीकरांना नऱ्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय तर शेजारीच आहे. ओटीपोटाच्या स्नायूंवरील उपचार येथे होतात का, नसतील तर कोठे होतात, असे तेथे सरळ विचारावे. सासूबाईंनी सव्वा महिन्याच्या शेक-शेगडीबरोबर सुनेला हाही एक प्रश्न विचारावा. मुलाचे अंथरूण ओले झाले तर त्याला रागावू नये. वडिलांना शेवटचे बाक का बरे वाटते, हे लेकाने एकदा एकांतात त्यांच्याशी बोलून घ्यावे.

आणि हा उपाय फुकट आहे असे कोणी समजू नये. त्याला वेळ लागतो, आणि आपल्या घरांतील बाईपाशी नसते ती हीच एक गोष्ट. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे तिला शांतपणे निजता यावे, यासाठी तेवढा वेळ चुलीवरचे दूध दुसऱ्या कोणी पाहिले पाहिजे. आणि टँकर आला की भरलेला कॅन उचलण्यासाठी घरातल्या धडधाकट मुलाने जिना उतरला पाहिजे.