बावड्याच्या माळ्यावरचे तिलिस्म

जुलै लागला की आमच्या घरात सलामानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती फूट?’ कोल्हापूरच्या माणसाला यापुढे काही सांगावे लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ साली हा आकडा ५५ च्याही पुढे गेला होता. आमच्या फुफीजान बावड्यात राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. बातम्यांपेक्षा त्यांचा शेजारच्या दूधवाल्यावर विश्वास जास्त, कारण तो रोज पहाटे बंधाऱ्याकडून येतो. यंदाही त्यांचा फोन आला, “बंधारा बुडाला. यायचं असेल तर आजच या, मागनं पाणी वाढलं तर मग चार दिवस बोलू नका.”

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. बरोबर नववीतली लेक, चौथीतला धाकटा, डब्यात दालचा, आणि लेकीच्या पिशवीत मैत्रिणीकडून आणलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी.

दसरा चौकातून बावड्याकडे जाणारा रस्ता आमच्या मुलांना पाठ आहे, पण पावसात तो दरवेळी वेगळा दिसतो. न्यू पॅलेसचा काळा दगड भिजून चमकत होता. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला हा राजवाडा, मधोमध घड्याळाचा मनोरा. धाकट्याने ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीतून वाचल्यापासून तो या इमारतीला राजवाडा म्हणायला तयार नाही. त्याच्या मते ही जादूची शाळा आहे आणि आतल्या संग्रहालयातले पेंढा भरलेले वाघ रात्री उठून फिरतात. पुढे लाइन बझार, भगवा चौक. बावड्यातच लक्ष्मी विलास पॅलेस आहे, जिथे २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. बावडा आता शहरात मिसळून गेला असला तरी गल्लीत शिरले की गोठ्याचा वास येतो, दारात वैरणीची पेंढी दिसते, आणि कोणीतरी हमखास विचारते, “कुणाकडं आलाय?”

लेकीच्या हातातली कादंबरी होती ‘द सिटी ऑफ ब्रास’. एस. ए. चक्रवर्ती या अमेरिकन मुस्लिम लेखिकेची, २०१७ सालची. अठराव्या शतकातले कैरो, तिथे लोकांना गंडवून पोट भरणारी नाहरी नावाची अनाथ मुलगी, चुकून तिच्या हाकेला आलेला जिन, आणि मग वाळवंटापलीकडच्या दैवाबाद नावाच्या नगरातली जिनांच्या टोळ्यांची भांडणे. गेल्या दीड वर्षात लेकीने अशा कादंबऱ्यांचा सपाटाच लावला आहे. सलादीन अहमद यांची ‘थ्रोन ऑफ द क्रेसेंट मून’ (२०१२) तिने आधी संपवली होती. त्यात नायक कोण, तर भुताखेतांची शिकार करणारा, निवृत्तीला आलेला, चहाचा शौकीन म्हातारा. सबा ताहीर यांची ‘अॅन एम्बर इन द अॅशेस’ (२०१५) तिने दोनदा वाचली. या पुस्तकांत पात्रांची नावे तिच्या ओळखीची असतात, कोणी सलाम करते, कोणी वुजू करते, आणि तरीही तलवारी चालतात, नगरे पडतात, जादू होते. “आपल्यासारख्या नावांची माणसं पण अशा गोष्टीत असतात, हे मला माहीतच नव्हतं,” असे ती एकदा म्हणाली होती. आम्ही ‘हं’ म्हणून पेपर वाचत राहिलो होतो. आता ते ‘हं’ आठवले की वाईट वाटते.

जेवण झाले, फुफीजाननी पान लावले आणि लेकीच्या हातातल्या पुस्तकाचे चित्र बघून विचारले, “ये क्या पढ री गे तू?”

लेकीने उत्साहाने सांगितले. जिन, जादू, लढाई. फुफीजानचा चेहरा बदलला. त्यांनी पुस्तक हातातून घेतले, मिटले आणि फळीवर ठेवले. “जादूची पुस्तकं घरात नक्को. सिहर मोठा गुनाह आहे. त्यात ही वयात आलेली पोर. तिला दुसरं काय वाचायला मिळत नाही का?” हे त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या.

आता आमची पंचाईत. फुफीजानला आजवर कोणी उलट बोललेले नाही. लेकीचे डोळे भरले होते, आणि ती रडत नव्हती हेच अवघड वाटत होते. आम्ही गुळमुळीत काहीतरी बोललो, की गोष्ट वाचणे वेगळे आणि जादू करणे वेगळे. ते फुफीजानना पटले नाही, आणि खरे तर आमच्या आवाजातही जोर नव्हता.

कोंडी फुटली ती धाकट्यामुळे. माळ्यावर चढून तो काहीतरी शोधत होता, आणि वरून ओरडला, “इथं पण पुस्तकं आहेत! उलटी छापलेली!”

ती आमच्या दादांची पेटी. आमचे जुने घर नदीकडच्या पेठेत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा जे हाताला आले ते उचलून बावड्यात आणले होते. पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या, एकच आली. दुसरीतल्या पुस्तकांचा नंतर लगदा मिळाला. वाचलेली पेटी माळ्यावर गेली आणि आम्ही तिच्याकडे पुन्हा पाहिले नाही. इतक्या वर्षांत कोणी ती उघडलीसुद्धा नव्हती, ही आमची कसूर.

त्या दुपारी उघडली. वर कसरीने चाळण केलेले चिपळूणकरांचे ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ निघाले. कृष्णशास्त्र्यांनी सुरू केलेले आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी हाती घेतलेले हे भाषांतर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वाचले गेले. त्याच्या खाली नाथमाधवांचे ‘वीरधवल’. मराठी वाचकाला अद्भुताचे वावडे कधीच नव्हते. नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची, म्हणजे मराठी कादंबरी जेमतेम चालू लागली होती तेव्हाची, आणि तीही चमत्कारांनी भरलेली. आणि पेटीच्या तळाशी, जुन्या लुंगीत गुंडाळलेला, वीट वाटावी असा एक उर्दू ग्रंथ. धाकट्याची ‘उलटी’ पुस्तके ती हीच.

आम्ही तो उघडला. अक्षरे कळत होती, शब्द कळत नव्हते. कुरआन शरीफ वाचायला आम्ही लहानपणी शिकलो, जेर-जबर लावलेली अक्षरे आजही सरळ वाचतो. पण शाळा मराठी, घरात दखनी, आणि उर्दूचा नस्तालीक म्हणजे आम्हाला मुंग्यांची रांग. फुफीजान खाटेवरून म्हणाल्या, “इकडं आण.” पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ नेले, चष्मा वर केला, खाली केला. मग गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “होशरुबा आहे. पहिली जिल्द.”

‘तिलिस्म-ए-होशरुबा’. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून छापायला घेतलेली, मुहम्मद हुसेन जाह यांनी सुरू केलेली आणि अहमद हुसेन कमर यांनी पुरी केलेली प्रचंड दास्तान. सगळ्या जिल्दांची पाने आठ हजारांच्या आसपास भरतात. तीही ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ या ४६ जिल्दांच्या पसाऱ्यातला एक भाग. बादशहा अकबराने हमजाच्या याच गोष्टींवर सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली होती, आणि मिर्झा गालिब दास्तानींचे मोठे शौकीन होते. हे आम्हाला पुस्तकी माहितीने ठाऊक होते. आपल्याच माळ्यावर ती आहे, हे ठाऊक नव्हते.

“तुम्ही वाचलीये?” लेकीने विचारले.

फुफीजान हसल्या. मग जे सांगितले ते आम्ही पहिल्यांदाच ऐकले. त्या बारा-तेरा वर्षांच्या असताना रात्री कंदिलाशी बसून ही जिल्द वाचायच्या. निम्मी झाली होती. एके रात्री थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या अब्बांनी, पाहिले. “भल्या घरच्या मुली अय्यारीच्या गोष्टी वाचत नाहीत” म्हणून त्यांनी पुस्तक काढून घेतले आणि पेटीत टाकले. “मग मी पण म्हटलं, असेल गुनाह. पासष्ट वर्षं झाली.” अब्बांचा इंतकाल होऊन आता अकरा वर्षे झाली. आम्ही फळीवरच्या इंग्रजी पुस्तकाकडे बघितले. फुफीजाननीही बघितले. कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर चार तास त्या वाचत होत्या. उर्दूतून वाचायच्या, दखनीत सांगायच्या, आणि लेक वहीत मराठीत उतरवून घ्यायची. हरणामागे लागलेला शहजादा तिलिस्मात शिरतो आणि कैद होतो. त्याला सोडवायला हमजाचा नातू असद निघतो. तिलिस्माचा बादशहा अफ्रासियाब, ज्याच्याजवळ सामरीची किताब आहे, विचारले त्याचे उत्तर देणारी. “म्हणजे मोबाइल,” धाकटा म्हणाला. अमर अय्यारची झंबील आली, सगळी दुनिया मावेल अशी थैली, तेव्हा लेक ओरडलीच, “हा तर हर्मायनीचा बटवा!” त्याची गलीम आली, पांघरले की माणूस दिसेनासा करणारी, तेव्हा तर तिने पेन खाली ठेवले. “मग हॅरीचा झगा?” आम्ही तिला सांगितले की कोणी कोणाचे उचलले असा हिशोब मांडू नये, अशा वस्तू सगळ्या मुलखांतल्या गोष्टींत असतात. पण तिच्या चेहऱ्यावर जे होते ते हिशोबाचे नव्हतेच.

एक गोष्ट मात्र फुफीजाननी वाचता वाचता स्वतःच पाहिली. दास्तानीत जादूगार हे शत्रू आहेत. हमजा जादू करत नाही. त्याच्याजवळ इस्म-ए-आजम आहे, त्याने जादू उतरते. “म्हणजे जादूच्या विरुद्धच गोष्ट आहे की ही,” त्या म्हणाल्या. मग लगेच, “पण नाव हजरत हमजांचं घेऊन एवढ्या थापा मारायच्या, हे बरं नाही.” तेही आम्हाला पटले. दास्तान म्हणजे इतिहास नव्हे, हे मुलांना सांगून ठेवायलाच हवे.

मगरिबनंतर गोष्ट दादांकडे वळली. ते खेड्यातून शिकायला आले आणि शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली सुरू झालेल्या मुस्लिम बोर्डिंगात राहिले. त्याच दिवसांत कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी होती. १९२९ साली इथेच सुरू झाली, १९३३ साली पुण्याला गेली. तिचा ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) दादांनी तीनदा पाहिला होता म्हणे. मंत्रतंत्र, स्त्रियांचे राज्य, राणीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आणि तिचे कलादिग्दर्शक शेख फत्तेलाल, सगळ्यांचे साहेबमामा, कागलचे. पुढे त्यांनीच दामल्यांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला, ज्याचा १९३७ साली व्हेनिसला गौरव झाला. “दादा सांगायचे, पडद्यावरचा महाल आमच्या साहेबमामांनी उभा केलाय, आत लाकूड आणि प्लास्टर, पण रात्री झोप लागली नाही,” फुफीजान म्हणाल्या. एका पेटीत चिपळूणकर, नाथमाधव आणि जाह कसे आले याचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले. दादांना भाषा निवडायची नव्हती, गोष्ट हवी होती. त्यांची उर्दू आमच्यापर्यंत आली नाही, आमच्या मुलांची मराठी आता इंग्रजीच्या आडोशाला चालली आहे. अफ्रासियाबाची गरजच नाही, हे काम आपले आपणच करतो.

रात्री दूधवाला निरोप देऊन गेला, ३६ फूट, वाढते आहे. निघायला हवे होते. लेकीने जिल्द नेऊ का विचारले. फुफीजान नाही म्हणाल्या. “ही इथंच. बावडा उंचावर आहे. तुमच्याकडं पाणी येतं.” त्यांनी ती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधली, पण माळ्यावर ठेवली नाही, उशाशी ठेवली. मग फळीवरचे इंग्रजी पुस्तक काढून लेकीच्या हातात दिले. “त्या कैरोच्या पोरीचं पुढं काय झालं ते फोनवर सांग.”

आता दर जुम्म्याला रात्री फोन लागतो. फुफीजान दोन पाने वाचतात, लेक लिहिते. वहीची सत्तावीस पाने झाली आहेत. काही शब्द ती रिकामे सोडते, काही ठिकाणी आम्ही तिच्याशी वाद घालतो. ‘अय्यार’ला मराठीत काय म्हणावे यावर एक आठवडा गेला. ‘बहुरूपी’ म्हटले तर चोरी राहते, ‘हेर’ म्हटले तर गंमत राहते. शेवटी अय्यारच ठेवला. तिलाही आता उर्दू लिपी शिकायची आहे. आम्ही दोघे तिच्याबरोबर बसतो, आणि अजून तीच पुढे आहे.

वाचन मात्र हळू चालले आहे. फुफीजानच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा बराच पिकला आहे. डॉक्टरांनी पावसाळा संपल्यावर ऑपरेशन ठरवले आहे. ऑपरेशननंतर काही दिवस वाचायचे नाही म्हटल्यावर त्यांनी तारीखच पुढे ढकलायला लावली. अमर अय्यार जादूगाराच्या वेशात शत्रूच्या तंबूत शिरला आहे, आणि त्याला तिथे तसा सोडून दवाखान्यात जायला त्या तयार नाहीत.