वाइनचे पिंप आणि हळदीची रात्र

2023 च्या मे महिन्यात आमच्या थोरल्या लेकीचे लग्न होते. बौद्ध पद्धतीच्या लग्नात हळद कशाला, असे काही वाचक म्हणतील. म्हणू द्या. आमच्या नाशिक रोडच्या वस्तीत हळद होते, आणि हळदीच्या रात्री काय चालते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. मांडवात गाणी, आणि मांडवामागे बाटल्या. या खेपेस तसे होऊ द्यायचे नाही, असे आम्ही उभयतांनी ठरवले होते. त्याला कारण आमचा धाकटा भाऊ. त्याची दारू सुटून तेव्हा आठ महिने झाले होते.

आणि नेमके त्यानेच एके दिवशी टेम्पोतून वाइनचे जुने लाकडी पिंप आणून अंगणात उतरवले!

धाकटा एका वाइनच्या कारखान्यात हमालीला आहे. 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. पुढे आपल्या जिल्ह्यात असे कारखाने वाढले आणि आपली मुले तिथे कामाला लागली. तिथली पिंपे ओक नावाच्या परदेशी लाकडाची असतात. एकात 225 लिटर वाइन मावते आणि रिकामे पिंपही पन्नास किलोच्या आसपास भरते. काही वर्षांनी लाकडातला स्वाद संपतो, मग कारखाना ती पिंपे विकून टाकतो. कोणी खुर्च्या करतात, कोणी कुंड्या.

"दादा, यात बर्फ टाकू. सरबत गार ठेवू. फ्रीजमध्ये किती मावणार?" धाकटा म्हणाला.

आई ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "अरे, पाचवं शील घेतो आपण. अन् लेकीच्या मांडवात दारूचं पिंप?" भावजय तर काहीच बोलली नाही. ती दारात उभी राहून नुसती त्या पिंपाकडे बघत होती. त्याला वास येत होता, आंबूस, आणि वर गंधकाचा. बुरशी लागू नये म्हणून रिकाम्या पिंपात गंधक जाळतात. आम्हालाही वाटले, ज्या वासापासून हा माणूस पळाला तोच वास याने घरी आणला. पण परत ने म्हणावे, तर आठ महिन्यांत प्रथमच तो आपण होऊन घरचे काही काम काढत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने पिंप धुवायला घेतले. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा. पहिले पाणी लालभडक निघाले, दुसरे गुलाबी. तिसऱ्या पाण्याला भावजय उठली, पदर खोचला, त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि स्वतः घासायला लागली. दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. आम्ही घरात निघून गेलो.

पुढची चूक आमची. धुतलेले पिंप वाळावे म्हणून तीन दिवस उन्हात ठेवले. पिंपाच्या फळ्यांना खिळा नसतो की सरस नसतो, बाहेरच्या लोखंडी पट्ट्यांच्या आवळण्यावर सारे उभे असते. मे महिन्याच्या उन्हाने फळ्या आकसल्या, पट्ट्या सैल होऊन खाली घसरल्या, आणि फटींतून उजेड दिसू लागला. भंगारात घालावे की काय, असे झाले. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले आमचे काका लग्नासाठी येऊन राहिले होते. ते हसले. त्यांनी पट्ट्या ठोकून वर चढवल्या, पिंपाला ओले गोणपाट गुंडाळले आणि पाणी भरायला लावले. पहिल्या दिवशी चाळणीसारखे गळले. दुसऱ्या दिवशी ठिबकले. तिसऱ्या दिवशी लाकूड फुगून सगळ्या फटी आपोआप मिटल्या.

करवत लावण्याआधी काकांनी प्रत्येक फळी पट्टीतून स्क्रू घालून धरली. तसे केले नसते तर कापताच पिंप उकलून हातात आले असते. वरचा तिसरा भाग कापला, कड पॉलिश पेपरने घासली, खाली भोक पाडून बूच बसवले, म्हणजे वितळलेले पाणी सोडता येते. सरबत मात्र थेट लाकडात ओतायचे नाही. लाकडात जुनी वाइन मुरलेली असते. शिवाय बर्फाचाही प्रश्न आहे. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा रंगवून विकावा, असा नियम आपल्या राज्यात 2018 साली झाला. आमच्या लाद्या निळ्याच निघाल्या. "आपल्या झेंड्याचा बर्फ!" म्हणून पोरे नाचली. रंग आपला असला तरी तो पेल्यात घालायचा नाही, हे त्यांना दोनदा सांगावे लागले.

झाकणाचे स्टीलचे दोन डबे, पंधरा-पंधरा लिटरचे, पिंपात उभे केले. एकात कोकम, एकात लिंबू. भोवती चाळीस किलो बर्फ फोडून घातला आणि वर दोन बादल्या पाणी. नुसत्या खड्यांपेक्षा बर्फाचे पाणी डब्याला सगळीकडून भिडते, त्यामुळे सरबत लवकर गार होते. एक किलो बर्फ वितळताना चार लिटर पाणी वीस अंशांनी उतरवतो, हा हिशेब लेकीनेच वहीत करून दिला. ती बी.एस्सी. आहे. डबे तीनदा भरले तरी बर्फ पुरला.

हळदीच्या दिवशी वस्तीत बातमी फुटली, "यांच्याकडे वाइनचं पिंप आलंय!" संध्याकाळी सातलाच तरणी पोरे मांडवात हजर. धाकटा पिंपाशी ओगराळे घेऊन उभा. "जय भीम, घ्या," म्हणत त्याने एकेकाला पेला दिला. लाल रंग बघून पहिल्याने डोळे मिटून घोट घेतला, आणि कोकम जिभेला लागताच त्याचा चेहरा असा झाला की बायका पोट धरून हसल्या. पण पेला त्याने संपवला, आणि दुसरा मागितला.

सगळेच साधले असे नाही. रात्री अकरानंतर चार-पाच जण मांडवामागे गेले आणि डोळे लाल करून परतले. आम्ही पाहिले. त्यांतला एक धाकट्याचा जुना सोबती. त्याने खुणेने धाकट्याला बोलावले. भावजय बायकांत बसली होती, तिची टाळी थांबली. धाकट्याने ओगराळे डब्यात बुडवले, पेला भरला आणि त्यालाच नेऊन दिला. मग परत येऊन बूच काढले, पाणी सोडले आणि बर्फ फोडू लागला. दोन वाजेपर्यंत तो जागचा हलला नाही. आई त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसून राहिली. तीन पेले लिंबूसरबत प्यायली. पिंपाबद्दल पुन्हा काही बोलली नाही.

2024 च्या 14 एप्रिलला मंडळाच्या मुलांनी मिरवणुकीत सरबत वाटायला पिंप मागून नेले. परत आले तेव्हा वरची पट्टी सैल झाली होती. धाकट्याने ती हातोडीने ठोकून बसवली, आणि पिंप पाण्याने भरून मोरीशेजारी सावलीत ठेवले.