दोन टॅगांमधला मजकूर

एखाद्या स्ट्रिंगमध्ये `<गाव>सातारा</गाव> ते <गाव>कराड</गाव>` असा मजकूर आहे आणि फक्त पहिले गाव बदलायचे आहे. (एक्सएमएलमध्ये टॅगांना देवनागरी नावे चालतात.) बहुतेक प्रोग्रामर आधी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितात: `<गाव>.*</गाव>`. बिंदू म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि तारका म्हणजे ते कितीही वेळा. या तारकेची कल्पना १९५०च्या दशकात तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी मांडली. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये अशा पॅटर्नने मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. तारका जमेल तितकी पुढे धावते. त्यामुळे जुळणी थेट शेवटच्या `</गाव>`पाशी थांबते आणि साताऱ्याबरोबर कराडही पुसले जाते. एकच गाव घेऊन केलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

तारकेपुढे प्रश्नचिन्ह घातले की ती लवकरात लवकर थांबते. बरेच जण इथेच समाधान मानतात. पण पहिल्या गावाचा शेवटचा टॅग राहून गेला असेल, तर जुळणी निमूटपणे दुसऱ्या गावात शिरते. शिवाय बहुतेक भाषांमध्ये बिंदूला ओळ ओलांडता येत नाही; त्यासाठी वेगळी सूचना द्यावी लागते. त्यापेक्षा `<गाव>[^<]*</गाव>` हा पॅटर्न अधिक भरवशाचा. मधे उघडणारा कोनकंस सोडून काहीही चालेल, एवढेच तो सांगतो. ओळ बदलली तरी तो अडत नाही, आणि आत दुसरा टॅग आला तर जुळतच नाही. हे न जुळणे हा त्याचा मोठा गुण आहे, कारण किती ठिकाणी बदल झाला हे मोजले की राहिलेली जागा लगेच सापडते. भलतीकडे झालेला बदल असा सापडत नाही.

सुरुवातीच्या टॅगात गुणधर्म असतील तर `<गाव[^>]*>` लिहिण्याचा मोह होतो. तो पॅटर्न `<गावकरी>`लाही जुळतो. शब्दसीमेचे चिन्ह घालावे, तर देवनागरीत त्यावर विसंबता येत नाही. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलमध्ये काना-मात्रा शब्दाचा भाग धरल्या जात नाहीत. म्हणून `<गावे>` या टॅगातही ‘व’नंतर शब्द संपला असे ते समजते. जावास्क्रिप्टमध्ये तर ते चिन्ह देवनागरी अक्षरांना शब्दाची अक्षरे मानतच नाही. नावापाठोपाठ मोकळी जागा किंवा बंद होणारा कोनकंस आलाच पाहिजे, अशी अट स्वतः लिहिणे हाच खात्रीचा उपाय.

नव्या मजकुराचीही तितकीच काळजी घ्यावी लागते. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये बदली मजकुरातल्या डॉलरचिन्हाला खास अर्थ असतो, पायथनमध्ये उलट्या तिरक्या रेघेला. किंमत म्हणून आलेले डॉलरचिन्ह पकडलेल्या गटाचा क्रमांक समजले जाऊ शकते. जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये बदली मजकुराऐवजी फंक्शन दिले की त्याने परत केलेले जसेच्या तसे बसते. जावात त्यासाठी वेगळी सोय आहे. कोनकंस आणि ‘&’ या चिन्हांचे एस्केपिंग मात्र तरीही करावेच लागते. मजकूर वापरकर्त्याकडून आलेला असेल, तर ते वगळणे म्हणजे पानात परकी स्क्रिप्ट घुसायला वाट देणे.

एका गावाच्या आत दुसरे गाव आले, की मूळ अर्थाची रेग्युलर एक्स्प्रेशन थकते. कितीही खोलवर जाणाऱ्या जोड्या मोजण्याची सोय तिच्यात नाही. काही इंजिनांनी पुनरावर्ती पॅटर्न दिले आहेत, पण ते वाचणे अवघड. टिप्पणीत किंवा सीडेटात दडलेला टॅग, अवतरणातला कोनकंस हेही तिला ओळखू येत नाहीत. इथे पार्सर वापरावा. तो मजकुराचे झाड बांधतो, हवी ती गाठ शोधून तिचा मजकूर बदलता येतो, आणि एस्केपिंग तोच सांभाळतो. किंमत एवढीच, की झाड पुन्हा स्ट्रिंगमध्ये उतरवताना गुणधर्मांची अवतरणचिन्हे किंवा रिकाम्या टॅगांची लिहिण्याची पद्धत बदलू शकते. एचटीएमएलचा पार्सर तर नसलेले टॅगही भरून काढतो. म्हणून दस्तऐवज दुसऱ्याचा असेल तर पार्सर घ्यावा. साचा स्वतःचा, रचना ठरलेली आणि आत टॅग नाहीत याची खात्री असेल, तर कोनकंस वगळणारा तो छोटा पॅटर्न पुरतो, आणि बाकीची फाइल एका अक्षरानेही बदलत नाही.