दिव्यांच्या गावी

आइंडहोवेन हे गाव हॉलंडच्या नकाशात अगदी खालच्या अंगाला सापडते. अॅमस्टरडॅमहून आगगाडीने दीड तासाच्या आत माणूस तिथे पोहोचतो. पण प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने मुद्दाम उतरावे असे तिथे काही नाही. मी उतरलो तो धाकटी बहीण तिथे राहते म्हणून. तरी खरे सांगायचे तर या गावाशी आमच्या घराचे नाते तिच्या लग्नाच्या फार आधीचे. मिरजेच्या घरी फडताळावर फिलिप्सचा रेडिओ होता आणि त्याच्यावर आईने विणलेला रुमाल पांघरलेला असे. त्या फिलिप्सचे हे जन्मगाव. १८९१ साली गेरार्ड फिलिप्स आणि त्याचे वडील फ्रेडरिक यांनी इथे विजेचे दिवे करण्याचा छोटा कारखाना काढला आणि गाव त्या दिव्यांवर मोठे झाले.

गावाच्या मध्यभागी दिव्यांचा मनोरा म्हणून एक उंच पांढरी इमारत आहे. दिवा किती तास टिकतो हे पाहण्यासाठी तिथे दिवे अखंड जळत ठेवीत, म्हणून हे नाव. कंपनीचे मुख्य ठाणे १९९७ साली अॅमस्टरडॅमला गेले, पण नाव मागे राहिले. बहीण राहते तो स्ट्राइप-एस हा भागही कंपनीचाच. कामगाराच्या परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे, म्हणून लोक त्याला 'निषिद्ध नगरी' म्हणत. तिथल्या प्रयोगशाळेला १९२३ साली आइन्स्टाइन भेट देऊन गेला होता. आता तिथे सिनेमागृह आहे, आणि कारखान्यांच्या जागी बिऱ्हाडे.

बहिणीच्या घरात शिरलो आणि सवयीने भिंतीवरचे बटण दाबले, तो आतून ओरड आली, "दादा, बटणाला हात लावू नकोस!" या दिव्यांची वीज बटणाने तोडायची नसते. ती कायम चालू ठेवायची आणि दिव्याला हुकूम सोडायचा, फोनवरून किंवा तोंडाने. असे दिवे फिलिप्सनेच २०१२ साली बाजारात आणले. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिमुकला रेडिओ असतो. कोपऱ्यातली एक डबी हुकूम देते आणि एक दिवा तो दुसऱ्याच्या कानात सांगतो. म्हणजे फडताळावरचा रेडिओ आता दिव्यात जाऊन बसला म्हणायचा. बहिणीच्या घरातल्या यंत्राला मात्र इंग्रजीच शिकवलेले. मी मराठीचा मास्तर. "दिवा मालव", "दिवा शांत कर" असे दोन्ही प्रकारे सांगून पाहिले. दिवा ढिम्म.

ही २०२३ सालची गोष्ट. नोव्हेंबरची १२ तारीख, लक्ष्मीपूजन. आई काही आली नाही. "लक्ष्मी यायची त्या दिवशी घराला कुलूप कसं लावू?" म्हणाली. दिवाळीपुरती आमची सौ. आणि मुले तिच्याकडे मिरजेला होती. इकडे पूजेला उदबत्ती लावताच छतावरचे धूरसूचक यंत्र किंचाळू लागले. २०२२ च्या जुलैपासून तिथे घराच्या प्रत्येक मजल्यावर ते सक्तीचे आहे. मेहुण्यांनी स्टुलावर चढून त्याला गप्प केले.

फराळाला बसलो असता मेहुण्यांनी एक हकीकत सांगितली. २०१६ साली इस्राएल आणि कॅनडा इथल्या संशोधकांनी याच जातीच्या दिव्यांवर प्रयोग केला. लांबून एक ड्रोन उडवून त्यांनी एका इमारतीतले दिवे ताब्यात घेतले आणि ते आपल्या मर्जीने लुकलुकवून दाखवले. कंपनीने ती फट नंतर बुजवली. मी हसलो. मेहुणे हसले नाहीत. म्हणाले, "दादा, आईंच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड काय ठेवलाय तुम्ही?"

वडील गेल्यावर आई एकटी राहते. एकदा ती स्वयंपाकघरात घसरून पडली, तेव्हा बहिणीच्या आग्रहावरून मी तिथे कॅमेरा बसवून घेतला. बसवणाऱ्या पोराने चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला, "हाच ठेवा सर, विसरणार नाही." विसरण्यासारखा नव्हताच, एक ते सहा आकडे ओळीने.

मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. त्याच २०१६ साली 'मिराई' नावाचा किडा अशाच कॅमेऱ्यांतून पसरला होता. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या साठेक पासवर्डांची यादी होती. तेवढ्या भांडवलावर त्याने लाखो यंत्रे गुलाम केली, आणि २१ ऑक्टोबरला त्या फौजेच्या माऱ्याखाली अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. तो किडा घडवणाऱ्या तीन अमेरिकन तरुणांनी २०१७ च्या डिसेंबरात न्यायालयात गुन्हा कबूल केला. मला त्यांचे काही वाटले नाही. सव्वा वर्ष आईचे स्वयंपाकघर कोणालाही उघडे होते, आणि दार मीच सताड ठेवले होते, एवढेच डोक्यात घुमत राहिले.

पासवर्ड तिथूनच बदलला. चार असंबद्ध शब्द एकापुढे एक ठेवले. चिन्हांच्या करामतीपेक्षा लांबी जास्त राखण करते म्हणे. मग आईला फोन लावला. मिरजेत रात्रीचे साडेनऊ झाले होते.

सगळे ऐकून घेऊन आई म्हणाली, "अरे, मी रोज दिवेलागणीला त्याच्यावर फडकं टाकते."

"कधीपासून?"

"बसवलास त्या दिवसापासून. डोळे वटारून बघत बसतं मेलं."

बहिणीचा चेहरा उतरला. "मला वाटायचं, तिकडची वीज गेली. आई, आणि तू परत पडलीस तर?"

"पडले तर शेजारच्या वहिनी येतील. तू तिथून काय करणार गं?"

यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने आम्ही बाहेर पडलो. दर नोव्हेंबरात या गावात 'ग्लो' नावाचा दिव्यांचा उत्सव असतो, २००६ पासूनचा. इमारतींच्या भिंतींवर रंगांचे पूर वाहत होते आणि माणसे लेकरांना खांद्यावर घेऊन थंडीत चालत होती. बहीण अर्धी वाट मुकाट्याने चालली, आणि मग म्हणाली, "तिला विचारून काढून टाक तो."

मी परत आल्यावर आईला विचारले. तिने काढू दिला नाही. "असू दे, पण अंगणाकडे तोंड कर त्याचं." आता तो तुळशीकडे पाहतो. हिवाळ्यात मिरजेला सातला तुळशीपुढे पणती लागते, तेव्हा आइंडहोवेनला दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि बहीण कचेरीत असते. कधीकधी तिचा मला फोन येतो, "दादा, आज पणती दिसली नाही रे, विचार ना." मी विचारतो. बहुधा तेल संपलेले असते, नाहीतर आई शेजारी वहिनींकडे गप्पांत रमलेली असते.