वडसा: वैनगंगेकाठचे नाटकांचे गाव

हिवाळ्यात दोन दिवसांची सुट्टी जुळून आली की आमच्या भंडारा जिल्ह्यातील मंडळी नागपूरला निघतात. ताजबागला हजेरी, थोडी खरेदी, आणि परत. एकोडीकरांना मी यंदा उलटी वाट सुचवते. साकोली, लाखांदूर, मग वडसा. दुतर्फा कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मधूनच एखादी बोडी. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वे स्टेशनवर वडसा. गाव एकच, जिल्हा गडचिरोली.

दिसायला हे साधेच बाजाराचे गाव. पण झाडीपट्टी रंगभूमीचा सारा कारभार इथून चालतो. दिवाळीनंतर नाट्यमंडळांची कार्यालये गजबजतात. खेड्यांतली मंडळे येतात, नाटक निवडतात, तारीख ठरवतात. कलावंत आज या गावी, उद्या त्या. तालमीला वेळ कमी, म्हणून आडून प्रॉम्प्टर संवाद पुरवतो. गाण्यांना ऑर्गन-तबल्याची साथ. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनाही झाडीपट्टी आठवली.

हे सारे उभे आहे शेतकऱ्याच्या तिकिटावर. नाटक बहुधा शंकरपटाला जोडून असते. पटाच्या दिवशी लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, कित्येक सोयरिकी तिथेच जुळतात. आपल्या घरांतही त्या दिवशी दोन शेर तांदूळ जास्तच शिजतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तेव्हा ही जत्राच सुनी झाली. मग २०२०. ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर, वर कोरोना. तो हंगाम कलावंतांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि गावे पुन्हा जागी झाली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. काही वर्षांपासून नाटकाच्या जोडीला, कधी नाटकाच्या जागी, ‘डान्स हंगामा’ येऊ लागला आहे. ते पाहायला अम्मी, सून आणि मुले घेऊन कोणी बसू शकत नाही. नुसते मंडळांना नावे ठेवणेही बरोबर नाही. गाव जे मागते तेच गाडीतून उतरते. हुंडा, दारू, जमिनीची भाऊबंदकी यांवरची घरगुती नाटके आजही होतात आणि बायका डोळ्यांना पदर लावून ती पाहतात. त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर तिथे कोण बसेल, हे सांगायला नको.

जाणाऱ्यांसाठी थोडे. नाटक वडशातच असेल असे नाही, बहुतेक वेळा ते आसपासच्या खेड्यात असते. म्हणून दुपारी वडशाला पोहोचा, आज कुठे काय आहे ते कार्यालयात विचारा, नाटक कौटुंबिक आहे का हेही बिनसंकोच विचारा. अस्रनंतर मुलांना नदीकाठी न्या; पाण्यात उतरू देऊ नका, वैनगंगा वरून शांत दिसते. जेवणाचा डबा घरूनच घेतलेला बरा. इशा आटोपून निघा, सोबत शाली आणि एक जाड चादर असू द्या. थंडी खरी लागते ती तिसऱ्या अंकानंतर, आणि नाटक संपते तेव्हा फजरला फारसा वेळ उरलेला नसतो.