दोन साक्षीदार

वैशाखात कुपवाडच्या माळावर वळीव कोसळू लागला, की आधी वीज लखलखते आणि मागाहून गडगडाट ऐकू येतो. घटना एकच, पण तिची वार्ता डोळ्यांना निराळी मिळते आणि कानांना निराळी. वीज दिसल्यावर तीन सेकंदांनी आवाज आला, तर ती सुमारे एक किलोमीटरवर चमकली, असे वडिलांनी मला शिकवले होते. नुसत्या डोळ्यांना किंवा नुसत्या कानांना हे अंतर कळले नसते. मात्र विजांमागून विजा चमकू लागल्या, की कोणता गडगडाट कोणत्या विजेचा, हेच उमगत नसे.

पुढे विज्ञानाची पुस्तके वाचताना शास्त्रज्ञांनाही असाच प्रश्न पडतो हे कळले आणि मला मोठी मौज वाटली. अणूच्या पोटातील अणुकेंद्र अणूच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही लहान असते. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यावर आघात करायचा आणि जे बाहेर पडेल त्यावरून त्याचे अंतरंग ओळखायचे, असा मार्ग शास्त्रज्ञांनी काढला.

हे कार्य आपल्या महाराष्ट्रातही चालत आले आहे. मुंबईत कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८ मध्ये 'पेलेट्रॉन' नावाचे यंत्र सुरू झाले. अशा यंत्रातून वेगाने सुटलेली अणुकेंद्रे धातूच्या पातळ पत्र्यातील केंद्रांवर आदळतात आणि काही वेळा त्यांच्याशी एकरूप होतात. या नव्या, खवळलेल्या केंद्रातून प्रथम प्रोटॉन, न्यूट्रॉन किंवा आल्फा कण उडतात. मग उरलेले केंद्र गॅमा किरण सोडून शांत होते. प्रोटॉन गेला, की अणुक्रमांक एकाने घटतो. आल्फा कण गेला, की दोनाने. अशा रीतीने मागे कोणते मूलद्रव्य उरले ते कण सांगतात आणि त्याच्या केंद्रातील ऊर्जेच्या पायऱ्या गॅमा किरण सांगतात. कण टिपणारे शोधक वेगळे असतात. गॅमा किरण मोजणारे शोधक जर्मेनियमच्या स्फटिकांचे असतात आणि ते द्रवरूप नायट्रोजनने अतिशय थंड ठेवावे लागतात.

पण क्षणाक्षणाला असंख्य टकरी होत असताना कोणता किरण कोणत्या कणाचा सोबती, हे कसे ओळखावे? त्यासाठी दोन्ही शोधकांकडून आलेल्या वार्तांची वेळ नोंदतात. सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी अंतराने आलेल्या वार्तांची जोडी लावतात. बाकीच्या बाजूला सारतात.

या युक्तीचे मोल फार मोठे आहे. प्रत्येक सूक्ष्म टकरीत ऊर्जेचा हिशेब खरोखर जुळतो का, अशी शंका १९२४ मध्ये नील्स बोर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही काढली होती. पुढच्याच वर्षी जर्मनीत बोथे आणि गायगर यांनी दोन शोधक समोरासमोर मांडले. एक इलेक्ट्रॉनची वार्ता देई, दुसरा किरणाची. दोन्ही वार्ता एकाच वेळी येतात असे दिसले आणि ती शंका मावळली. या पद्धतीसाठी बोथे यांना १९५४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

एकट्या साक्षीदाराचे सांगणे पुष्कळदा खरे असते, पण अपुरे असते. दोघे वेगवेगळ्या जागी उभे राहून एकाच क्षणाची हकिगत सांगतात आणि ती जुळते, तेव्हा कधीही न दिसणाऱ्या वस्तूविषयीही माणूस विश्वासाने बोलू शकतो. हा विश्वास विज्ञानाने केवढ्या धीराने कमावला आहे, याचे मला नेहमीच नवल वाटते.