प्रतिध्वनीची मर्यादा

चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग पसरली आहे. पाटणादेवीच्या दरीत हाक घातली असता ती क्षणभराने माघारी येते. परंतु तिची धार बोथट झालेली असते. आमच्या गायनवृंदातील एका तरुणाने, पगारातून पैसे साठवून, गिटारसाठी डिले पेडल घ्यावयाचे ठरविले आणि ‘फादर, कोणते घेऊ?’ असे विचारले, तेव्हा आम्ही त्याला या हाकेचेच उदाहरण दिले.

डिले पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करावयाची लहानशी पेटी. गिटारचा स्वर किंचित थोपवून ती तो पुन्हा ऐकविते. डिजिटल पेडल स्वराचे आकड्यांत रूपांतर करून तो जवळजवळ जसाच्या तसा परत देते. अॅनालॉगची रीत निराळी. १९६९ साली हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या सँगस्टर व टीर या संशोधकांनी ती शोधली. आग विझविताना माणसे रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा येथे विद्युत्भार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे सरकतो. एमएन ३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. विलंब वाढवावयाचा तर बादल्या सावकाश सरकवाव्या लागतात आणि स्वरातील तीक्ष्ण अंश गाळावा लागतो. म्हणून प्रत्येक आवर्तन अधिक मवाळ होत जाते.

डिजिटल पेडल बहुधा स्वस्त असते व दीर्घ विलंबही देते. तरीही आम्ही अॅनालॉग सुचविले. उघड्या भिंतींच्या व फरशीच्या लहान मंदिरात आवाज आधीच घुमतो. अक्षरओळख नसलेल्या आमच्या वृद्ध माता कानांनी ऐकूनच गीत म्हणतात. मूळ स्वराइतकेच धारदार आवर्तन पुढच्या शब्दावर आदळले, तर त्या गप्प होतात. वाद्यांनी गायनास आधार द्यावा, शब्द झाकू नयेत, असे १९६७ च्या ‘म्युझिकाम साक्राम’ या दस्तऐवजातही सांगितले आहे.

आता निवडीविषयी. बॉसचे डीएम-२ (१९८१) सुमारे ३०० मिलिसेकंद विलंब देते. म्हणजे जणू पन्नास मीटरवरील भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी. मिनिटाला १०० मात्रांच्या गीतात ही बरोबर अर्धी मात्रा होते. परंतु ६० मात्रांच्या संथ गीतात अर्ध्या मात्रेस ५०० मिलिसेकंद लागतात. तेथे ६०० पर्यंत जाणारे एमएक्सआरचे कार्बन कॉपी (२००८), किंवा डीएम-२ ची २०१४ मधील सुधारित आवृत्ती सोयीची. तिच्या दुसऱ्या पद्धतीत ८०० पर्यंत विलंब मिळतो.

नॉब तीनच महत्त्वाचे: विलंबाचा, आवर्तनांचा आणि मिश्रणाचा. आवर्तने दोन-तीनच ठेवावीत. तो नॉब पूर्ण फिरविल्यास स्वर विरण्याऐवजी वाढत जाऊन गर्जू लागतो. मिश्रण पाव भागाहून अधिक नको. स्वर फाडणारे डिस्टॉर्शन पेडल असल्यास डिले त्याच्यानंतर जोडावे. द्रुत गीतास ते बंदच बरे.

विकत घेण्यापूर्वी आपली गिटार व एक गाणारा सोबती घेऊन दुकानात जावे. एकट्या गिटारवर प्रत्येक पेडल गोडच वाटते. त्यानंतरची परीक्षा मंदिरात, शेवटच्या बाकावर बसून घ्यावी. तेथे बसलेल्या आजीला गीताचा शब्द कळला आणि तिने तो उचलला, तर पैसे सत्कारणी लागले म्हणावे.